रॉकेलशिवाय बंब कसा पेटवावा? घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून पेटवण करण्याचे प्रयोग

बंबफोड (पंचवटी), ९ जुलै, रात्री ९.४०

आमच्या पंचवटीतल्या जुन्या घराच्या मागच्या दारी पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब अजून रोज पहाटे पेटतो. वडिलांनी तो भांडी बाजारातून आणला होता, आणि त्याची तोटी आजवर दोनदा बदलावी लागली असली तरी भांड्याला टाचणीएवढेही भोक पडलेले नाही. घरात गीझर आहे. पण बंबाच्या पाण्याने अंग मोकळे होते आणि गीझरच्या पाण्याने ते नुसते ओले होते, असे आईचे ठाम मत आहे आणि त्यावर वाद घालणे मी केव्हाच सोडून दिले आहे.

अडचण आहे ती पेटवण्याची. शिधापत्रिकेवर रॉकेल मिळत होते तोवर बंबफोडीवर, म्हणजे बंबासाठी फोडलेल्या लाकडांवर, पळीभर ओतले आणि काडी लावली की काम होत असे. ते मिळेनासे झाले आणि त्याची जागा आमच्याकडे, कोणी काही न ठरवता, दुधाच्या रिकाम्या पिशवीने घेतली. पिशवी चटकन पेटते हे खरे. परंतु तिचे जळते थेंब टपटप पडून जाळीवर घट्ट बसतात, काळा धूर भिंतींनी वेढलेल्या अंगणात कोंडतो आणि तो आपल्याच नाकातोंडात जातो. शेजारच्या काकूंनी एके दिवशी काजळीचे ठिपके पडलेली पांढरी चादर काहीही न बोलता आमच्या कठड्यावर आणून ठेवली. त्या दिवसापासून पिशवी बंद केली आणि घरातल्याच टाकाऊ वस्तूंपासून पेटवण तयार करण्याच्या खटपटीला लागलो.

वर्तमानपत्राचा बोळा हा पहिला सुचणारा उपाय आहे. पण तो मिनिटभरात भडकून संपतो आणि त्याच्या जळक्या पापुद्र्यांचा थर जाळीवर बसून खालची हवा अडवतो, त्यामुळे नुकती धरलेली ढलपीही विझते. कापराच्या वडीचेही तसेच, ती लाकडाची वाट न पाहता स्वतःच जळून मोकळी होते. सध्या ज्या प्रकाराने मला यश येत आहे तो असा: अंड्यांचा कागदी लगद्याचा तीस खळग्यांचा ट्रे घ्यायचा, प्रत्येक खळग्यात लाकडाचा भुसा सैलसर भरायचा, दिवाळीतल्या मेणपणत्यांचे आणि अर्धवट जळलेल्या मेणबत्त्यांचे मेण वितळवून त्यावर ओतायचे आणि थंड झाल्यावर कात्रीने एकेक खळगा सुटा करायचा. मेण ओतताना भुसा आधी गडद होतो, मग बारीक बुडबुडे सोडतो, आणि बुडबुडे थांबले की तो आणखी पिणार नाही असे समजावे. खळग्याची कड मात्र कोरी ठेवावी लागते, कारण काडी तिथेच लावायची असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले तेव्हा एका खळग्याला साधारण १५ ग्रॅम मेण लागले. असा एक खळगा माझ्या घड्याळाप्रमाणे ११ ते १२ मिनिटे स्थिर जळतो आणि बाभळीची बोटभर जाडीची ढलपी सहाव्या-सातव्या मिनिटाला पेट घेते.

आता अडचणी सांगतो. या वेळचा भुसा घराजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यातून आणला होता आणि त्याचा खळगा पेटला की डोळ्यांतून पाणी येते. आधीच्या भुशाने असे होत नव्हते. शिवाय एका ट्रेला जवळजवळ अर्धा किलो मेण लागते आणि एवढे टाकाऊ मेण कोणत्याही घरात निघत नाही. म्हणून मे महिन्यात तळणीचे उरलेले तेल मेणात निम्मे मिसळून पाहिले, तर माळ्यावरच्या उकाड्यात ते खळगे घामेजल्यासारखे झाले, खालची पुठ्ठ्याची पेटी तेलकट झाली आणि एका रात्रीत उंदरांनी आठ खळगे कुरतडून नेले. पावसाळ्यात तर काडेपेटीपासून लाकडापर्यंत सगळेच सर्द असते. ज्यांच्या घरी अजून चूल, बंब किंवा शेगडी आहे त्यांनी आपापले अनुभव लिहावेत, अशी विनंती आहे.

रंधा (अंबड), १० जुलै, सकाळी ७.१५

तुमच्या डोळ्यांतून पाणी येण्याचे कारण त्या भुशातच आहे. हल्ली फर्निचरच्या कारखान्यात जो भुसा निघतो त्यात खरे लाकूड थोडे असते आणि एमडीएफ, प्लायवूड व पार्टिकल बोर्ड यांची पूड जास्त असते. हे बोर्ड लाकडाचा चुरा किंवा पातळ पापुद्रे राळेसारख्या रासायनिक डिंकाने दाबून तयार करतात, आणि त्या डिंकात बहुतेक वेळा फॉर्माल्डिहाइड असते. ते जळताना जो वायू सुटतो तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. अशा भुशाचे पेटवण करूच नये, आणि त्या बोर्डांचे तुकडे बंबात बंबफोड म्हणूनही घालू नयेत.

ओळखण्याची पद्धत सोपी आहे. मूठभर भुसा काळ्या कापडावर पसरावा. एमडीएफची पूड पिठासारखी मऊ, एकाच फिकट तपकिरी रंगाची असते आणि बोटांना चिकटून राहते. करवतीने कापलेल्या खऱ्या लाकडाचा भुसा दाणेदार असतो, त्यात लहानमोठे कण आणि मधूनमधून बारीक तंतू दिसतात, आणि तो चोळून हुंगला तर लाकडाचा स्वतःचा वास येतो. सागाचा वास तर लपतच नाही. कारखान्यापेक्षा लाकडाच्या वखारीतून किंवा दरवाजे-चौकटी करणाऱ्या सुताराकडून भुसा आणावा आणि आणताना आज काय कापले हे विचारून घ्यावे. आम्हाला असे विचारलेले आवडते. रंगाचे किंवा पॉलिशचे जुने दरवाजे घासलेला भुसाही टाळावा.

आणखी एक सुचवतो. भुशापेक्षा रंधा मारताना निघणारे कुरळे पातळ काप पेटवणाला अधिक चांगले असतात. भुसा खळग्यात दाटून बसतो, आत हवा राहत नाही, म्हणून तो भरमसाट मेण मागतो. कापांच्या वळ्यांत हवा खेळते आणि त्यांच्या धारदार कडा काडीला लगेच धरतात. निम्मे काप आणि निम्मा भुसा असे मिश्रण करून पाहा, मेण बरेच वाचेल असा माझा अंदाज आहे.

प्रयोगवही (गंगापूर रोड), १० जुलै, रात्री १०.०५

मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडा मास्तरकीचा सूर लागला तर सांभाळून घ्यावे.

कोणताही द्रव किंवा मेण स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. काडी जवळ नेताच पेटेल इतकी वाफ कोणत्या तापमानाला तयार होते, यावर पेटवणाचा सारा स्वभाव ठरतो. रॉकेलसाठी हे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, कापरासाठी ६५ च्या आसपास, मेणबत्तीच्या मेणासाठी सुमारे २०० आणि खाण्याच्या तेलासाठी ३०० च्याही वर. म्हणून लाकडावर ओतलेले रॉकेल काडीने लगेच धरते आणि तळणीचे तेल लाकडावर ओतले तर काडी विझते, तेल तसेच राहते. मात्र तेच तेल कापसाच्या वातीत असेल तर वातीचे बारीक तंतू एका वेळी अगदी थोडे तेल वर ओढतात, तेवढेच तापते आणि तेवढेच जळते. निरांजनात आपण रोज हेच पाहतो. तुमच्या खळग्यात भुसा आणि कागदाची कड हीच वात आहे. तेव्हा मेण वाढवून ज्योत चांगली होणार नाही. वात चांगली हवी, आणि तिचे एक टोक कोरडे, मोकळे हवे. पेट्रोलचा विचारही कोणी करू नये. त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते आणि ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे काडी ओढणाऱ्याचा हात आगीच्या आतच असतो.

मेण वितळवण्याबद्दल तुम्ही काही लिहिले नाही, म्हणून सांगतो. मेणाचा डबा थेट गॅसवर ठेवू नये. रुंद पातेल्यात पाणी घेऊन त्यात डबा ठेवावा. मेण ५० ते ६५ अंशांदरम्यान वितळते आणि उकळते पाणी १०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे मेण पेट घेण्याच्या तापमानापर्यंत पोहोचतच नाही. फक्त पातेल्यातले पाणी आटू देऊ नये. एवढे करूनही कधी डब्यात ज्वाळा दिसली तर गॅस बंद करून वर सपाट झाकण ठेवावे. पाणी मुळीच ओतू नये. पाणी मेणापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते, ती सुमारे १७०० पट जागा मागते आणि जळते मेण छतापर्यंत उडवते. उरलेले मेण मोरीत ओतले तर ते नळीत गोठते, हे मी स्वतः प्लंबरला पैसे मोजून शिकलो आहे.

हिवाळ्यासाठीही एक सूचना आहे. बंब मागच्या दारी आहे तोवर ठीक आहे, परंतु काही जण थंडीत तो न्हाणीघरात नेतात किंवा कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार लावून घेतात. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला गुंगी येते तेव्हा ती थंडीची झोप वाटते. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही असे समजू नये, उलट निखारे फुलल्यावर धूर दिसतच नाही.

मागीलदार (जुने नाशिक), ११ जुलै, दुपारी २.३०

बंबफोड भाऊ, तुमच्या आईचे मत शंभर टक्के बरोबर आहे.

आमच्या वाड्यात गॅस येण्यापूर्वी भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या उभ्या डब्याला खाली एका बाजूने भोक असे. त्या भोकातून एक गोल लाकूड आडवे घालायचे, मधोमध रिकामी बाटली उभी धरायची आणि भोवती वखारीतला भुसा लाटण्याच्या टोकाने ठासून भरायचा. मग बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. ती काढताना भुसा ढासळला तर सगळे पहिल्यापासून करावे लागे, आणि हे काम आजी माझ्याकडे कधीच देत नसे. त्या बोगद्यात खालून पेटवण सरकवले की शेगडी वरणभातापासून संध्याकाळच्या चहापर्यंत तासन्‌तास धुमसत राही. तेव्हा पेटवण म्हणून आजी जे वापरी तेच मी आजही चुलीला वापरते, आणि त्यात मेणाचा थेंब लागत नाही.

नारळ सोलला की शेंडी आणि सोडणाचे तंतू टाकून न देता पिंजून उन्हात वाळवायचे. देवापुढच्या निरांजनातल्या जळून उरलेल्या वाती आणि फुलवाती एका डब्यात साठवायच्या. त्यांत तुपाचा किंवा तेलाचा अंश असतोच. चिमूटभर शेंडीचे घरटे करायचे, मध्ये दोन-तीन वाती ठेवायच्या आणि वरून घरटे मिटून सुपारीएवढी गोळी करायची. गोळी सैल हवी, बोटांनी दाबली तर पुन्हा फुगली पाहिजे. ही गोळी चार-पाच मिनिटे जळते. त्यावर आधी करवंटीचा तुकडा ठेवायचा, लाकूड नंतर. करवंटी एकदा धरली की ओले लाकूडही तिच्यापुढे फार वेळ रुसून बसत नाही. देवाच्या वाती बंबात कशा घालायच्या, असे काहींना वाटते. ज्या वाती अग्नीतच जळायच्या होत्या त्या अग्नीतच जातात, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे.

उंदरांचा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, दुसरा कोणताही नाही. पुठ्ठा त्यांना पानासारखा असतो. तूप-तेल लागलेले काही असेल तर ते पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नये, त्याला खवट वास येतो. आणि पावसाळ्यात लाकडे अंगणात ताडपत्रीखाली ठेवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीची बंबफोड आदल्या दिवशीच्या कोमट बंबाजवळ रचून ठेवावी. निम्मे काम तिथेच होते.

सिडकोकर, ११ जुलै, सायंकाळी ६.५०

मी चौथ्या मजल्यावर राहतो, बंब नाही. पण गच्चीवर कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजण्याचा कार्यक्रम महिन्यातून एकदा असतो आणि कोळसा पेटवताना अर्धा तास पंख्याने वारा घालावा लागतो. हे मेणाचे खळगे त्याला चालतील का?

बंबफोड (पंचवटी), १३ जुलै, रात्री ९.२०

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे काळ्या कापडावर भुसा पसरून पाहिला. माझा भुसा शुद्ध पीठ निघाला. उरलेले सर्व खळगे फेकून दिले आहेत.

सिडकोकर, मी तसे एकदा केले आहे आणि त्या दिवशीच्या भरताला वाढदिवसाच्या मेणबत्तीचा वास होता. मेणाने कोळसा पेटतो, पण मेण पूर्ण जळून कोळशावर राखेचा पांढरा थर येईपर्यंत वांगे वर ठेवू नये. खाण्याच्या कामासाठी मागीलदार ताईंची तुपाच्या वातीची गोळीच बरी. कोळसा पसरून न ठेवता दोन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या डब्यात उभा रचावा, डब्याला बुडाशी चार-पाच भोके पाडावीत आणि गोळी खाली ठेवावी. डबाच धुराड्याचे काम करतो, हवा खालून आपोआप ओढली जाते आणि पंखा लागत नाही. कोळसा फुलल्यावर डबा चिमट्याने उचलून घ्यावा. डबा आतून रंगवलेला नसावा.

द्राक्षवेल (निफाड तालुका), १४ जुलै, पहाटे ५.३०

आमच्याकडे पेटवणाची कमतरता कधीच नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षबागेत काड्यांचे ढीग पडतात. करंगळीएवढ्या जाडीच्या त्या काड्या मेच्या उन्हात महिनाभर वाळल्या की मोडताना कडाक आवाज येतो, आणि तो आवाज आला म्हणजे काडी पेटवणाजोगी झाली. हल्ली बरेच शेतकरी त्यांचा भुगा करून बागेतच आच्छादन म्हणून टाकतात आणि मातीसाठी तेच योग्य आहे. पण दोन-चार मोळ्या प्रत्येकजण घरी ठेवतोच. एक सावधगिरी मात्र सांगतो. द्राक्षाच्या वेलीवर वर्षभर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून ते नाना बुरशीनाशकांपर्यंत फवारण्या होतात आणि त्यांचे अवशेष सालीवर राहतात. म्हणून आमच्या घरात या काड्या बंबाला आणि शेकोटीला चालतात, पण ज्या चुलीवर भाकरी भाजायची आणि आरावर शेकायची, तिथे आई त्या घालू देत नाही. भाकरीला तुराट्या किंवा बाभूळ.

माझ्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो तेव्हा तयार होत आलेले मणी तडकण्याची भीती असते. अशा रात्री आम्ही पहाटे दोन-तीन वाजता उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतो. दवाने सगळे भिजलेले, बोटे आखडलेली, आणि एकरभर बागेत चाळीस शेकोट्या एकामागून एक पेटवायच्या. तिथे रॉकेल नाही म्हणून काही जण जुने टायर पेटवतात, ते मला पटत नाही. मक्याची दाणे काढलेली कणसे आमच्याकडे पोत्यांनी असतात. ती वितळलेल्या मेणात बुडवली तर काम होईल का? प्रत्येकी १५ ग्रॅम मेण मात्र परवडणार नाही.

प्रयोगवही (गंगापूर रोड), १४ जुलै, सकाळी ८.४०

मक्याचे कणीस ही उत्तम कल्पना आहे, कारण त्याचा गाभा सच्छिद्र असतो आणि दाण्यांच्या रिकाम्या खाचा हवा धरून ठेवतात. मात्र पूर्ण बुडवू नका. कणीस आडवे तीन तुकडे करून फक्त एक टोक दोन सेंटिमीटर बुडवावे. टायरच्या धुराबद्दल आपले म्हणणे अगदी योग्य आहे. त्या धुरात गंधकाची संयुगे आणि काजळी असते, आणि ती काजळी मण्यांवरही बसते.

गडवाट (इंदिरानगर), १५ जुलै, रात्री ११.१०

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरच्या बाजूला भटकताना ओल्या लाकडाशी झुंज देण्याचा अनुभव पुष्कळ आहे, म्हणून लिहितो. सॅकमध्ये नेण्यासाठी मी औषधाच्या दुकानातल्या कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली चोळून नेतो. बोळा पेटवण्याआधी बोटांनी पिंजून त्याचे कोरडे तंतू बाहेर काढायचे. न पिंजता काडी लावली तर तो नुसता काळा पडतो. वाटाण्याएवढी जेली चोळलेला एक बोळा चार मिनिटे तरी जळतो आणि सर्द हवेनेही त्याचे काही बिघडत नाही. कापूस शुद्ध हवा. उशीतला हल्लीचा पांढराशुभ्र ‘कापूस’ पॉलिस्टरचा असतो, तो वितळून बोटाला चिकटतो, आणि त्याचा चटका मी घेतलेला आहे. शिंप्याकडच्या चिंध्यांचेही हेच, सुती निवडून घ्याव्या लागतात: धागा ओढून पेटवला तर सुती धाग्याची राख भुरभुरते, कृत्रिम धाग्याचा कडक मणी होतो.

हरिहर गडाच्या पायथ्याच्या एका घरी मुक्काम होता, तेव्हा त्यांच्या चुलीवर छतालगत बांबूची माची बांधलेली पाहिली. पावसाळाभराची लाकडे त्यावर असतात, रोजच्या धुराने ती वाळत राहतात आणि काळी कुळकुळीत होतात. त्या घरातल्या आजींनी माझा जेलीचा बोळा कौतुकाने पाहिला आणि तोवर एका काडीत चूल पेटवूनही टाकली. त्यांचे आजोबा चकमक आणि शेवरीचा कापूस बाळगत, असे त्यांनी सांगितले.

नवख्या मंडळींसाठी हेही लिहून ठेवतो की, राखीव जंगलात आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे गुन्हा आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत डोंगरावरचे गवत कसे असते ते सर्वांनी पाहिलेले आहे. गावातल्या घराची चूल किंवा परवानगी असलेली जागा यांपलीकडे पेटवणाचा उपयोग करू नये.

कडुनिंब (कॉलेज रोड), १६ जुलै, सकाळी ९.००

चर्चा वाचनीय आहे, परंतु कचरा जाळण्याला आपण नवे गोंडस नाव देत आहोत का, अशी शंका येते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा जाळण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. अंड्यांचे ट्रे आणि पुठ्ठा रद्दीत जाऊ शकतात. ते जाळावेत का?

बंबफोड (पंचवटी), १६ जुलै, रात्री ८.५५

शंका रास्त आहे. चांगला पुठ्ठा आणि वर्तमानपत्र आमच्याकडेही रद्दीवाल्याकडेच जाते. पेटवणाला येतो तो अंडे फुटून डागाळलेला ट्रे किंवा तेलकट झालेले खोके, जे रद्दीवाला घेतच नाही. बंब तर पेटणारच आहे, त्यात रोज दोन किलो लाकूड जळणारच आहे. वाद फक्त पहिल्या दहा मिनिटांचा आहे, आणि त्या दहा मिनिटांत दुधाची पिशवी जळावी की चमचाभर मेण, एवढेच मी विचारतो आहे. चकचकीत छापील कागद, चहाचे प्लॅस्टिकचा थर असलेले कागदी पेले, दुकानातल्या यंत्राची गुळगुळीत पावती आणि आतून चंदेरी असलेली खोकी मी पेटवणातून वगळली आहेत.

बंबफोड (पंचवटी), २१ डिसेंबर, सकाळी ७.३०

चर्चेचा हा धागा पुन्हा वर काढत आहे, कारण पाच महिन्यांत बरेच बदल झाले. आज पहाटे अंगणातल्या तापमापकावर ९ अंश होते आणि बंब एका काडीत पेटला.

भुशाचे खळगे मी आता करत नाही. त्याऐवजी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा दोन बोटे रुंद पट्ट्यांत कापतो, आणि तो अशा दिशेने कापतो की पन्हळीच्या नळ्या उभ्या राहतील. पट्टी गुंडाळून रुपयाच्या नाण्याएवढी गुंडाळी करायची, सुती दोऱ्याने बांधायची आणि खालचा निम्मा भाग वितळलेल्या मेणात पाच सेकंद धरायचा. मेण त्या नळ्यांतून आपणहून वर चढताना दिसते, ते वरच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधी गुंडाळी उचलायची. मेण साधारण ६ ग्रॅम लागते आणि ज्योत आठ मिनिटे टिकते. खळग्यापेक्षा ही वेळ कमी आहे, परंतु मागीलदार ताईंच्या सल्ल्याने वर करवंटीचा तुकडा ठेवू लागल्यापासून आठ मिनिटे पुरून उरतात. ओल्या पावसातही ऑगस्टभर फक्त तीनदा दुसरी गुंडाळी लावावी लागली. सर्व साठा स्टीलच्या डब्यात आहे आणि उंदीर दुसरीकडे गेले असावेत.

द्राक्षवेल (निफाड तालुका), ४ जानेवारी, रात्री ८.१५

तुमचे वाचून आम्हीही गुंडाळ्या केल्या. मक्याची कणसे जळाली चांगली, पण दव पिऊन फुगली की धरायला वेळ लावत, म्हणून ती खाली आणि गुंडाळी वर अशी रचना केली. घरातल्या मुलांनी सुट्टीत चाळीस गुंडाळ्या वळल्या आणि परवा पहाटे अडीच वाजता त्या बागेत नेल्या. एका काडीत एकतीस पेटल्या. उरलेल्या नऊ मी बॅटरीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिल्या, तर मुलांनी उत्साहाच्या भरात त्या वरच्या कडेपर्यंत बुडवल्या होत्या आणि कडेवर मेणाचा गुळगुळीत थर बसला होता. काडीमागून काडी विझत होती आणि हात गारठले होते. त्यावर बागेतल्या बागेत काय करता आले असते?

बंबफोड (पंचवटी), ४ जानेवारी, रात्री ९.०५

छाटणीची कात्री खिशात असेलच. वरची कड पेराएवढी कापून टाकायची आणि आतला कोरा कागद नखाने उसवायचा, म्हणजे काडीला धरायला जागा मिळते. आतपर्यंत मेण भिनलेले असेल तर त्याच गुंडाळीच्या दोऱ्याचे टोक मोकळे करून वर काढावे आणि काडी दोऱ्याला लावावी. पुढच्या खेपेला मुलांना बुडवण्याच्या खुणेसाठी पट्टीवर आधीच पेन्सिलीने रेघ मारून द्यावी. माझ्या मुलीसाठी मला हेच करावे लागले.